रशला इतकी वर्षं नावं का ठेवली गेली, आणि तरी ते का टिकले

प्रश्न असा आला आहे: "सर, मी वीस वर्षांचा आहे, दोन वर्षं ड्रम्स शिकतोय. आमचे शिक्षक रश या कॅनडाच्या बँडचं नाव सारखं घेतात. मी वाचायला गेलो तर जुन्या समीक्षकांनी त्यांना धुऊन काढलेलं दिसतं आणि नवे लोक त्यांना डोक्यावर घेतात. खरं काय? आणि खरं सांगायचं तर गायकाचा आवाज मला सहन होत नाही. कुठून सुरुवात करू?"

आवाजापासूनच बोलू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. गेडी ली सत्तरच्या दशकात अतिशय वरच्या पट्टीत गायचे, इतक्या वर की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आवाज टोचतो. मलाही टोचला होता. मी गेली सत्तावीस वर्षं ड्रम्स वाजवतोय, त्यातली एकोणीस शिकवतोय, आणि माझ्याकडे रश ऐकून आलेल्या दर दहा मुलांतली सहा-सात हीच तक्रार करतात. यावर माझ्याकडे एक साधा उपाय आहे: १९७६ चा आवाज आधी ऐकू नकोस. १९८२ चा ऐक. 'सिग्नल्स' या अल्बमपर्यंत गेडींनी पट्टी खाली आणली होती, आणि तिथे त्यांचा गळा मोकळा, माणसासारखा लागतो. एकदा तो ओळखीचा झाला की मागे जायचं. मग तोच वरचा आवाज दोन मोठ्या वाद्यांच्या गदारोळातून वाट काढणारा तिसरा सूर वाटायला लागतो.

आता मुख्य प्रश्न. नावं का ठेवली आणि टिकले कसे, ही दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात: हा बँड आयुष्यभर लोकांसमोर शिकत राहिला. शिकणाऱ्याचं वाजवणं समीक्षकाला अनेकदा हावरट वाटतं, कारण त्यात प्रयत्न दिसतो. वाजवणाऱ्याला मात्र नेमका तो प्रयत्नच ऐकायचा असतो.

थोडं मागे जाऊ. टोरांटोच्या विलोडेल या उपनगरात १९६८ साली हा बँड सुरू झाला. गिटारवर अ‍ॅलेक्स लाइफसन, ड्रम्सवर जॉन रटसी, आणि थोड्याच दिवसांत बास आणि गाण्याला गेडी ली. अ‍ॅलेक्स युगोस्लाव्हियातून आलेल्या सर्ब स्थलांतरितांचा मुलगा. त्याचं खरं आडनाव झिवोयिनोविच, त्यातल्या 'झिवो' म्हणजे जीवन या अर्थावरून लाइफसन. गेडींचं खरं नाव गॅरी वाइनरिब. आई पोलिश उच्चारात 'गॅरी'चं 'गेडी' करायची, मित्रांनी तेच उचललं. आई-वडील दोघंही नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर पडलेले पोलिश ज्यू. हे लक्षात ठेव, पुढे याचा संबंध येणार आहे.

सुरुवातीची वर्षं शाळांच्या नाचाच्या कार्यक्रमांत गेली. १९७१ मध्ये ऑन्टारियो प्रांताने दारू पिण्याचं वय अठरावर आणलं आणि या पोरांना एकदम बारमध्ये वाजवायची दारं उघडली. एका रात्रीत तीन-चार सेट, रोज. ज्याने कधी ऑर्केस्ट्रात किंवा लग्नात सलग चार तास वाजवलंय त्याला कळेल, हात आणि कान तिथे तयार होतात. पहिला अल्बम १९७४ मध्ये त्यांनी स्वतःच्याच छोट्या लेबलवर काढला, कारण कुठलीच कंपनी घेईना. त्याची एक प्रत अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या डब्ल्यूएमएमएस या रेडिओ स्टेशनवर पोहोचली. तिथल्या संगीत विभागाच्या डॉना हॅल्पर यांनी त्यातलं सात मिनिटांचं 'वर्किंग मॅन' लावलं. पोलाद कारखान्यांचं शहर, पाळीवर जाणारे लोक, आणि गाणं कामगाराच्या दिवसाबद्दल. फोन खणखणायला लागले. काहींनी तर विचारलं की लेड झेपेलिन या बड्या ब्रिटिश बँडचा नवा अल्बम आला का. मर्क्युरी कंपनीने लगेच करार केला.

इथे रटसी बाहेर पडले. तब्येत साथ देत नव्हती, मोठ्या दौऱ्यांची ओढही नव्हती. जुलै १९७४ मध्ये नील पीअर्ट आले. (आडनावाचा उच्चार 'पर्ट' नाही, 'पीअर्ट'. तुझ्या शिक्षकांनाही सांग, बरेच जण चुकतात.) नील तेव्हा वडिलांच्या शेतीयंत्रांच्या दुकानात सुट्या भागांचा विभाग सांभाळत होते. त्याआधी अठराव्या वर्षी लंडनला जाऊन नशीब आजमावून हात हलवत परत आले होते. बँडमध्ये येऊन जेमतेम दोन आठवडे झाले तोच, १४ ऑगस्ट १९७४ ला, पिट्सबर्गमध्ये युराया हीप आणि मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँडच्या आधी अकरा हजारांवर लोकांसमोर पहिला कार्यक्रम. गेडी आणि अ‍ॅलेक्सना पुस्तक-वाचन फारसं नव्हतं, नील सतत वाचायचे. म्हणून गीतं लिहायचं काम त्यांच्याकडे गेलं. ड्रमरने शब्द लिहायचे आणि गायकाने ते गायचे अशी वाटणी झाली, आणि ती चाळीस वर्षं टिकली.

समीक्षकांशी पहिलं वाकडं इथेच सुरू झालं. १९७५ चा 'कॅरेस ऑफ स्टील' पडला, अगदी सपाट. हॉल रिकामे, पैसे संपत आलेले. त्या दौऱ्याला बँडनेच 'गटारात जाणारा दौरा' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. मला स्वतःला तो अल्बम अर्धवट वाटतो. कल्पना मोठी आहे, पण ती पेलायचं तंत्र अजून आलेलं नाही. कंपनीने सांगितलं की लांबलचक गाणी बंद करा, रेडिओवर चालेल असं काही द्या. यांनी बसून विचार केला, नाहीतरी बुडतोय तर मनासारखं करून बुडू. १९७६ मध्ये '२११२' आला. त्याची अख्खी पहिली बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच रचना, सात भागांची. भविष्यातल्या एका जगात पुजाऱ्यांची सत्ता आहे, संगीत बंद आहे, आणि एकाला गुहेत गिटार सापडते. अमेरिकेत आजवर त्याच्या तीस लाखांवर प्रती खपल्यात. करिअर तिथे वाचलं, आणि त्यानंतर कुठल्याही कंपनीने त्यांना काय वाजवा हे सांगितलं नाही.

पण त्याच अल्बमवर नील यांनी समूहापेक्षा एकट्या माणसाला वर धरणाऱ्या लेखिका आयन रँड यांच्या प्रतिभेला मानाचा उल्लेख छापला होता, आणि ते प्रकरण महागात पडलं. १९७८ मध्ये ब्रिटनच्या न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकात बॅरी माइल्स यांनी घेतलेली मुलाखत छापून आली. तिचा सूर असा होता की हे फॅसिस्ट विचारांच्या आसपास फिरणारे लोक आहेत. ज्याची आई बर्गन-बेल्झेनमधून आणि वडील डाखाउमधून जिवंत बाहेर पडले, त्या मुलाच्या बँडबद्दल हे लिहिलं गेलं. गेडींना ते किती लागलं असेल याची कल्पना कर. माझं प्रामाणिक मत असं की रँडचा प्रभाव हा तेवीस वर्षांच्या, स्वतःच्या बळावर काहीतरी करू पाहणाऱ्या तरुणाचा होता, आणि गीतं त्या वयाची आहेत. कंपनी 'असं वाजवू नका' म्हणत असताना त्याला 'एकटा माणूस विरुद्ध समूह' ही कथा भावली, यात नवल नाही. पुढे नील यांनी स्वतःच सांगितलं की आपण तिथे राहिलेलो नाही. पण शिक्का एकदा बसला की पुसायला पिढी लागते. आणि १९८४ च्या 'ग्रेस अंडर प्रेशर' अल्बममधलं 'रेड सेक्टर ए' हे गाणं गेडींच्या आईने सांगितलेल्या आठवणींतून आलं. छावणीत असताना तिला वाटायचं की बाहेर जग उरलेलंच नसणार, कारण जग असतं तर त्याने हे होऊ दिलं नसतं. ज्यांना या बँडच्या विचारांबद्दल शंका असते त्यांना मी आधी ते गाणं ऐकवतो.

समीक्षकांच्या नावडीमागे दुसरं कारण काळाचं होतं. १९७६-७७ म्हणजे पंकचा काळ. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, राग. त्याच वेळी हे तिघे वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत बसून 'झनाडू' वाजवत होते. अकरा मिनिटांचं गाणं, अ‍ॅलेक्सच्या आणि गेडींच्या गळ्यात दोन-दोन मानांच्या गिटारी, नीलच्या भोवती घंटा, लाकडी ठोकळे, लोंबत्या नळ्या. गेडी हाताने बास वाजवणार, पायाने सिंथेसायझर बनवणाऱ्या मूग कंपनीच्या पट्ट्या दाबून खर्ज धरणार, मधेच कीबोर्डवर जाणार आणि वर गाणार. स्टेजवर चौथा वादक घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. पत्रकाराला त्यात मिरवणं दिसलं. मला त्यात एक हिशोब दिसतो: रेकॉर्डवर जे आहे ते तिकीट काढून आलेल्या माणसाला तीन जणांच्या सहा हातांनी आणि सहा पायांनी जसंच्या तसं द्यायचं.

या वाटेचं टोक १९७८ च्या 'हेमिस्फियर्स'मध्ये आलं. त्यातला 'ला व्हिया स्ट्रांजियाटो' हा साडेनऊ मिनिटांचा शब्दाविना तुकडा त्यांना एका दमात, सलग रेकॉर्ड करायचा होता. दिवसामागून दिवस गेले, जमेना, शेवटी तुकड्यातुकड्यांत करावा लागला. आधीचा एक आख्खा अल्बम जेवढ्या वेळात झाला होता त्याहून जास्त वेळ या एका तुकड्याला लागला. वर लंडनमध्ये गाणं भरायला बसल्यावर कळलं की पट्टी इतकी वर बांधलीय की गेडींना ती गाताना घसा फाडावा लागतोय. सगळे थकून गेले. तिथे त्यांनी ठरवलं, लांब रचना आता पुरे.

यापुढचा भाग तुझ्यासारख्या शिकणाऱ्याने नीट बघावा. त्यांच्या पिढीचे बरेच प्रोग (लांब, गुंतागुंतीच्या रचना करणारे रॉक) बँड या सुमारास फुटले किंवा पार सोपी गाणी करायला लागले. रशने काय केलं? त्यांनी नव्या लोकांना ऐकलं. 'द पोलिस' हा बँड ऐकला, जमैकाचं रेगे ऐकलं, पंकनंतरची न्यू वेव्ह ऐकली, आणि वीस मिनिटांत जे करत होते ते साडेचार मिनिटांत बसवायला शिकले. जानेवारी १९८० मध्ये आलेल्या 'पर्मनंट वेव्ह्ज'मधलं पहिलंच गाणं 'द स्पिरिट ऑफ रेडिओ' ऐक. शेवटाकडे ते चक्क रेगेत शिरतं आणि परत बाहेर येतं, सगळं पाच मिनिटांच्या आत. ज्या रेडिओने त्यांना फारसं लावलं नाही, त्या रेडिओवरचंच हे गाणं ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं.

आणि मग फेब्रुवारी १९८१, 'मूव्हिंग पिक्चर्स'. क्वेबेकच्या डोंगरांत, तळ्याच्या काठी 'ल स्टुडिओ' होता, तिथे केलेला. कॅनडात पहिला क्रमांक, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये तिसरा. यातल्या दोन गाण्यांशी थोडा वेळ बसू.

'टॉम सॉयर'. लय मिनिटाला अठ्ठ्याऐंशी मात्रांच्या आसपास, म्हणजे काही फार जलद नाही. पण हाय-हॅटकडे, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीकडे, कान दे. प्रत्येक मात्रेत चार ठोके, आणि नील ते एका उजव्या हाताने वाजवतायत. म्हणजे मिनिटाला साडेतीनशे ठोके, एका मनगटाने, आणि तेही सपाट नाहीत, जोर आत-बाहेर होतोय. डावा हात स्नेअरसाठी, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमसाठी, मोकळा राहावा म्हणून. माझ्याकडे विद्यार्थी दोन्ही हातांनी आलटून-पालटून वाजवून दाखवतात आणि म्हणतात, सर जमलं. नाही जमलं. दोन हातांनी वाजवलं की स्नेअरच्या ठोक्याच्या वेळी हाय-हॅटमध्ये भोक पडतं आणि गाण्याचा श्वास तुटतो. पहिल्या महिन्यात फक्त साठच्या लयीत, दोन मिनिटं, खांदा सैल ठेवून. कोपर आखडलं की थांब. मधल्या वाद्यांच्या भागात गाणं सात मात्रांच्या चक्रात जातं, आणि गिटारचा सोलो त्या सातावरच येतो. स्वतः नील अनेक वर्षांनीही सांगायचे की हे गाणं रोज रात्री त्यांना अवघडच जायचं.

आपल्याकडे तबला शिकलेली मुलं सात ऐकलं की लगेच रूपक म्हणतात. मोजायला मदत होते, चुकीचं नाही. पण ठेका म्हणून ऐकू नकोस. रूपकात आवर्तन फिरून समेवर येण्याचं समाधान असतं, तीन-दोन-दोन असं ते आपल्याला बसवून ठेवतं. रशच्या सातात आठवा ठोका कापून टाकल्यासारखं वाटतं. पुढचा 'एक' अपेक्षेच्या आधी येऊन ढकलतो. 'लाइमलाइट'ची सुरुवातीची रिफही (फिरून-फिरून येणारी गिटारची ओळ) सातातच आहे, आणि ती गुणगुणताना बहुतेकांना कळतही नाही. माझ्या लेखी खरं कौशल्य ते आहे.

दुसरं 'वायवायझेड'. हा टोरांटो विमानतळाचा सांकेतिक कोड. अ‍ॅलेक्सकडे विमान चालवायचा परवाना होता. विमानातून घरी येताना विमानतळाच्या दिशादर्शकावरून मोर्स कोडमध्ये तीच तीन अक्षरं सतत वाजताना त्यांनी ऐकली, आणि ती लयच उचलली. मोर्समध्ये लांब आणि आखूड असे दोनच आवाज. लांबला दोन मात्रा आणि आखूडला एक धर, आणि तोंडाने म्हण:

दाऽ दि दाऽ दाऽ, दाऽ दि दाऽ दाऽ, दाऽ दाऽ दि दि.

पहिला 'वाय' सात मात्रांचा, दुसरा सात, 'झेड' सहाचा. एकूण वीस. आता टाळी देत म्हण, एका टाळीला चार मात्रा, म्हणजे पाच टाळ्यांत चक्र पूर्ण व्हायला हवं. गंमत बघ: दुसरा 'वाय' दुसऱ्या टाळीच्या अगदी शेवटच्या कणावर उठतो, आणि 'झेड' चौथ्या टाळीच्या बरोबर मध्यावर. अक्षरं टाळीशी जुळतच नाहीत, आणि पुन्हा पहिल्या टाळीवर सगळं अचूक येऊन उभं राहतं. गाण्याच्या सुरुवातीला नील हे लहान पितळी चकत्यांवर वाजवतात, मग गिटार आणि बास तेच घेतात. गेल्या वर्षी माझ्याकडे पाच वर्षं तबला शिकलेला एक मुलगा आला. दहा मात्रांच्या झपतालाच्या दोन आवर्तनांत हे वीस बसवून त्याने पंधरा मिनिटांत हातावर घेतलं, पण विभाग झपतालाचेच करत राहिला. त्याला मी टाळी सोडायला लावली आणि फक्त विमानतळाचा आवाज काढ म्हटलं. तेव्हा वाजलं.

ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर पुढे आले आणि जुन्या चाहत्यांमध्येच वाद पेटला. 'सिग्नल्स'वरचं 'सबडिव्हिजन्स' कीबोर्डवर उभं आहे. शब्द उपनगरातल्या त्या मुलांबद्दल आहेत ज्यांना शाळेत कुणी आपल्यात घेत नाही. माझ्या मते रशच्या चाहत्यांचं सगळं रहस्य त्या एका गाण्यात आहे. 'पॉवर विंडोज' मला आजही आवडतो. त्याच्या नंतरचे एक-दोन अल्बम आवाजाच्या बाबतीत त्यांच्या काळात अडकून पडलेत, यात वाद घालण्यात मला रस नाही. १९९३ चा 'काउंटरपार्ट्स' परत गिटारकडे येतो आणि जोरात येतो.

ड्रमर म्हणून मला सगळ्यात जास्त शिकवलं ते यानंतरच्या वर्षांनी. मॉडर्न ड्रमर मासिकाच्या वाचकांनी नीलना इतक्या वेळा पहिला क्रमांक दिला की शेवटी त्यांना स्पर्धेतून काढून मानाच्या यादीत टाकावं लागलं. असा माणूस १९९४ मध्ये, बेचाळीसाव्या वर्षी, फ्रेडी ग्रूबर नावाच्या शिक्षकांकडे गेला आणि म्हणाला, शिकवा. जाझ ड्रमर बडी रिच यांच्या स्मरणार्थ केलेल्या एका अल्बमवर काम करताना ड्रमर स्टीव्ह स्मिथ यांच्या वाजवण्यातला बदल त्यांनी पाहिला होता, आणि तो कुठून आला हे विचारलं होतं. मग काठी धरायची पद्धत बदलली, खुर्चीची उंची, पेडलचा कोन, ठोका खाली जाण्यापेक्षा वर येताना हाताचं काय होतं याचा विचार, सगळं पहिल्यापासून. रोज सराव. पुढे पंचावन्नच्या आसपास पुन्हा ड्रमर पीटर अर्स्किन यांच्याकडे शिकायला गेले. दोन वर्षं शिकून 'आता मला येतं' म्हणणारा विद्यार्थी समोर आला की मी ही गोष्ट सांगतो.

पण या सगळ्यात मधे एक मोठी दरी आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये नीलची एकुलती एक मुलगी अपघातात गेली. दहा महिन्यांनी, जून १९९८ मध्ये, पत्नी कॅन्सरने गेली. त्यांनी मोटरसायकल काढली आणि उत्तर अमेरिकाभर फिरत राहिले, अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर. बँड संपला असं सगळ्यांनी, बँडच्या दोघांनीही, धरलं होतं. ते परत आले आणि २००२ मध्ये 'व्हेपर ट्रेल्स' निघाला. त्याचं मास्टरिंग इतकं दाबून, इतकं मोठं केलेलं होतं की ड्रम्सचा तपशील चिरडला गेला. अकरा वर्षांनी, २०१३ मध्ये, तो पूर्ण नव्याने मिक्स करून काढावा लागला. ऐकायचा तर तोच ऐक. पहिल्या गाण्याची सुरुवात एकट्या ड्रम्सने होते, दोन्ही पायांनी बास ड्रम पूर्ण जोरात. त्या माणसाचं घर रिकामं झालेलं आहे आणि त्याने पुन्हा काठी हातात घेतलीय, हे माहीत असून मला ती सुरुवात आजही शांतपणे ऐकवत नाही.

समीक्षकांचं मत कधी बदललं? माझ्या समजुतीप्रमाणे मत बदललं नाही, माणसं बदलली. १९७८ मध्ये खोलीत बसून '२११२' च्या तालावर हवेत काठ्या फिरवणारी मुलं मोठी झाली. कुणी बँड काढले, कुणी टीव्हीवर गेलं, कुणी लिहायला लागलं. ड्रीम थिएटर या बँडचं सुरुवातीचं नाव 'मॅजेस्टी' होतं, आणि ते रशच्या तिकिटांच्या रांगेत उभं राहून 'बॅस्टिल डे'चा शेवट ऐकताना सुचलं होतं. २००८ मध्ये स्टीफन कोल्बेर यांच्या कार्यक्रमात रश आले तेव्हा अमेरिकन टीव्हीवर तीसहून जास्त वर्षांनी दिसत होते. २०१० मध्ये त्यांच्यावरचा माहितीपट आला आणि नव्या पिढीला तीन साधी, एकमेकांवर जीव असलेली माणसं दिसली.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जायला ते नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पात्र होते. घेतलं २०१३ साली. त्याच वर्षी निवडीत पहिल्यांदा चाहत्यांची मतं धरली गेली आणि त्यांत रश पहिले आले. लॉस एंजेलिसमधल्या सोहळ्यात संस्थेच्या सहसंस्थापकांनी सुरुवातीला नुसता टोरांटोचा उल्लेख केला आणि प्रेक्षागृहाने पुढचं बोलूच दिलं नाही, इतका वेळ लोक ओरडत होते. फू फायटर्सचे डेव्ह ग्रोल आणि टेलर हॉकिन्स सत्तरच्या दशकातले रशचे पांढरे झगे आणि लांब केसांचे टोप घालून '२११२'ची सुरुवात वाजवत होते. दोघेही ड्रमर, हे विसरू नकोस. रोलिंग स्टोन मासिकाने त्यांना पहिल्यांदा मुखपृष्ठावर घेतलं ते २०१५ मध्ये, म्हणजे शेवटच्या दौऱ्याच्या वेळी.

त्या शेवटच्या दौऱ्यात त्यांनी गाणी उलट क्रमाने घेतली, आजपासून मागे १९७४ पर्यंत. मागचे कामगार गाण्यागणिक स्टेज बदलत न्यायचे, यंत्रं कमी होत जायची, आणि शेवटी 'वर्किंग मॅन'ला शाळेच्या व्यायामशाळेसारखं दृश्य उरायचं, खुर्च्यांवर ठेवलेले छोटे अ‍ॅम्प. नीलच्या खांद्यांना आणि पायांना तोवर खूप त्रास व्हायला लागला होता. १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. नील नेहमी वाजवून झालं की मागूनच निघून जायचे, पुढे येणं हा गेडी आणि अ‍ॅलेक्सचा भाग आहे असं मानायचे. त्या रात्री ते किटच्या मागून उठले, पुढे आले आणि दोघांच्या गळ्यात हात टाकले. ७ जानेवारी २०२० ला मेंदूच्या कॅन्सरने ते गेले. साडेतीन वर्षं आजारी होते आणि ही गोष्ट जवळच्या लोकांनी बाहेर जाऊ दिली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेडी आणि अ‍ॅलेक्सनी पुन्हा दौरा जाहीर केला, ड्रम्सवर जर्मनीच्या आनिका नीलेस. त्यांना ऐक, हात अतिशय स्वच्छ आहे. नीलच्या जागी बसणं सोपं नाही, पण नीलनेच आयुष्यभर दाखवलं की जागा शिकून भरायची असते.

आता तुझ्या हातात काय द्यायचं ते. पहिल्या आठवड्यात 'सबडिव्हिजन्स' आणि 'लाइमलाइट', दोन्ही रोज, काही न मोजता. दुसऱ्या आठवड्यात 'मूव्हिंग पिक्चर्स' पूर्ण, हेडफोन लावून, एकदा फक्त बासकडे लक्ष देऊन, कारण गेडी आणि नील एकमेकांत कसे अडकतात ते कळल्याशिवाय ड्रम्स कळणार नाहीत. मग 'झनाडू', मग '२११२'ची पहिली बाजू सलग. 'हेमिस्फियर्स' सगळ्यात शेवटी. वाजवायला आत्ता काही घेऊ नकोस, फक्त ती मोर्सची अक्षरं तोंडाने म्हण, चालताना, गाडीवर मागे बसलेला असताना, जिन्यावर. चुकशील, तरी म्हण.

ती पाच टाळ्यांत न अडखळता बसली की नोव्हेंबर २००२ चं रिओचं रेकॉर्डिंग लाव. मराकाना स्टेडियम, सुमारे चाळीस हजार लोक, पावसामुळे सामानाचे ट्रक उशिरा पोहोचलेले, आवाज तपासायलाही वेळ मिळालेला नाही. 'वायवायझेड' सुरू होतं. त्यात एकही शब्द नाही, आणि तरी आख्खं स्टेडियम उड्या मारत गिटारची ओळ गातंय.